मिरजोळ्याच्या परसात उभा राहिलेला नारळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. इथे लिहितोय, कारण इथे मला चेहऱ्याने ओळखणारं कुणी नाही…

पोफळीला वीजघरात माझी नोकरी झाली. मीटरचा काटा दाखवील तेवढंच खरं, या हिशोबाने मी आयुष्य काढलं. आमच्या गावात देवस्की, राखणदार, कौल — सगळं चालतं. मी मात्र हसणाऱ्यांतला.

माझा थोरला भाऊ, दादा, पाणी दाखवायचा. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि कातळावरून सावकाश चालायचा. खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो म्हणे. लोक त्याने दाखवलेल्या जागी विहिरी पाडायचे. पाणी लागायचं, कधी नाहीही लागायचं.

चिपळूणला पुतणीच्या साखरपुड्यात सगळे जमले होते. मला लहर आली. अंगणात टोपल्या पालथ्या घातल्या, एकीखाली पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि दादाच्या हातात नारळ दिला. "चल, दाखव. सगळ्यांसमोर."

दादा बिचारा फिरला. नारळ काही हलेना. शेवटी हळूच म्हणाला, "रे, भांड्यातला पाणी न्हाय कळत. वाहता कळता."

"म्हणजे पाण्यालापण चालता यायला हवं!" मी म्हटलं, आणि सगळं अंगण हसलं. व्याहीसुद्धा. दादापण थोडा हसला… त्या दिवसानंतर त्याने नारळ हातावर घेतला नाही. कुणी बोलवायला आलं तर "आता जमत न्हाय" म्हणून परत पाठवतो.

असो. मुद्द्यावर येतो.

मी मुदतीआधी नोकरी सोडली. फंडाचे पैसे आले आणि ठरलं, रत्नागिरीत एखादी जागा घेऊन भाड्याने द्यायची. म्हातारपणी मुलाकडे हात पसरायला नको. नंदाला — म्हणजे बायकोला — नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट हवा होता. मला मिरजोळ्याला एमआयडीसीच्या मागे एक बैठं चिऱ्यांचं घर सापडलं. दोन वेगळे दरवाजे, मागे परस. कारखान्यातली कामगार मंडळी हसत भाड्याने घेतील असं. मालक मुंबईला, विकायची घाई. भाव इतका कमी की ऐकून मीच दचकलो. कारण एकच होतं. दोन बोअर मारून झाल्या होत्या, दोन्ही कोरड्या. एप्रिल लागला की टँकर.

"भाडेकरू काय टँकरची वाट बघत बसतील?" नंदा म्हणाली. "आपली सगळी पुंजी आहे ही. कातळात घालायची नाही."

तिचं बरोबर होतं. तरी म्हटलं, एकदा बघून तर येतो. निघताना तिने पिशवीत नारळ टाकला. "पहिल्यांदा परक्या जागेत जाताय. रिकाम्या हाताने नका जाऊ. जागेच्या राखणदाराला ठेवा." मी ठेवणार नव्हतो, पण वाद कोण घालणार?

सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. एजंट म्हणाला, "काका, तुम्ही बघा आरामात, मी एक फोन घेतो," आणि रस्त्याकडे गेला. मी परसात एकटा. का कोण जाणे, पिशवीतून नारळ काढला आणि दादा ठेवायचा तसा तळहातावर ठेवला. खरं सांगतो, त्याची नक्कल म्हणूनच. स्वतःशीच हसत होतो.

मागच्या दगडी गडग्याजवळ, शेवग्याच्या अलीकडे, नारळ उभा राहिला.

हात हलला म्हणून नव्हे… नारळाचं बूड तळहातात रुतलं आणि शेंडी वर गेली, जशी कुणी खालून दोरी ओढावी. मी बाजूला सरलो, नारळ आडवा. परत तिथे गेलो, परत उभा. हात बदलला — डाव्यावरही तेच. एवढ्यात एजंट आला, "काय काका, पसंत?" मी नारळ पिशवीत कोंबला. चोरी पकडल्यासारखा.

घरी जाऊन नंदाला काय सांगितलं? "मशीन लावून तपासणी करून घेतली. पाणी आहे." इतकी सफाईदार थाप मी कधी मारली नव्हती. मशीनचं नाव ऐकून ती तयार झाली. माझ्यावर तिचा विश्वास आहे. त्या संध्याकाळी मी तोच नारळ घेऊन गच्चीवर, मग अंगणात फिरलो. काही नाही. नुसता नारळ. दुसऱ्या दिवशी तो बांगड्याच्या आमटीत गेला. मी दोनदा भात घेतला.

व्यवहार झाला. बोअरची गाडी आली, ती मी शेवग्याच्या अलीकडे लावून घेतली. आजूबाजूची मंडळी गडग्यावर बसून बघत होती. "अहो, तिसरा खड्डा कशाला?" एक आजी म्हणाली. "झाडा लावा त्यात." लाल धूळ उडाली, मग राखाडी. नंदा माझ्याकडे बघत होती, मी गाडीच्या चाकाकडे. सगळी पुंजी… आणि एका नारळाच्या भरवशावर!

मग धूळ ओली झाली. चिखल उडाला. आणि एकदम फवाराच — शेवग्याच्या शेंड्यापर्यंत! गडग्यावरची पोरं ओरडत खाली उड्या मारून भिजायला आली. आजी पदर पसरून उभी. नंदाने सगळ्यांसमोर माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

आज दोन्ही भागांत भाडेकरू आहेत, सोडून जायचं नाव काढत नाहीत. मे महिन्यात सगळी आळी आमच्या नळावर पाणी भरते. रस्त्यात लोक थांबवून विचारतात, "कोणतं मशीन लावलंत हो?" मी मान हलवून पुढे जातो. काय आनंद आहे तो, सांगता येत नाही.

बोअरच्या पूजेला दादाही आला होता. ओंजळभर प्यायला. "गोड लागला रे पाणी. बरा झाला." मग बोअरभोवती एक चक्कर मारली आणि अगदी सहज विचारलं, "जागेला नारळ दिलास ना?"

"दिला," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्यानंतर मी कितीतरी नारळ हातावर घेऊन पाहिले. त्या जागीही. एकही उभा राहिला नाही. स्नायूंची थरथर, मनाचे खेळ, सगळं वाचून झालं. माझ्या तळहातात रुतलेलं ते बूड त्यात कुठेच बसत नाही.

त्या जागेचा नारळ मी खाल्ला. तो द्यायचा राहिलाय. आणि साखरपुड्याला होते त्या सगळ्यांना परसात बोलावून, दादासमोर, तो माझ्या हातावर उभा राहिला होता हे सांगायचं राहिलंय.