ब्रह्मदेशची मूर्ती आणि सासूचा हात

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर वाकडं येतं. हे कोणाच्या हाती पडलंच तर माफ करावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

दीक्षा घेऊन आम्हाला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. नंदनवनातल्या आमच्या विहाराला टिनाचं छत होतं आणि आत बुद्धाचं एक कॅलेंडर. ब्रह्मदेशचे एक भन्तेजी वस्तीत राहून गेले होते, परत आले तेव्हा त्यांनी तिकडून संगमरवरी मूर्ती आणली. जहाजानं कलकत्ता, मालगाडीनं नागपूर, स्टेशनावरून हातगाडी.

माझा नवरा मिलमध्ये होता. विहाराचं सगळं तोच पाहायचा. त्यानं पेटीच्या फळ्या उचकटल्या आणि मूर्ती दिसली तशी माझी सासू पुढे झाली. दूरचं माणूस दारात आलं की आमच्यात पायावर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळतात. तिनं तेच केलं. वर मूर्तीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

नवऱ्यानं हातातली फळी तिच्यावर घातली. फळीला खिळे होते. तिनं हात आडवा केला तो कोपराखाली मोडला, हाडाचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले तेव्हा दुसरा फटका माझ्या कानावर बसला. शेजारी म्हणाला, "मायले मारून राहिला का गा?" तर त्याचंही तोंड फोडलं.

"देव नदीत टाकले ना वं माय आपण? मंग हे कुंकू काहून?" तो ओरडत होता.

सासू खाली बसूनच बोलली. "तुह्या बापाले गावाच्या विहिरीवर पानी घेतलं म्हनून काठीनं मारलं होतं. तू कोनाची काठी उचलली गा?"

तो पुन्हा धावला. चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. मूर्तीच्या मांडीवर रक्त उडालं होतं, ते भन्तेजींनी आपल्या अंगावरच्या चिवरानं पुसलं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात हात चिरून आत हाडाला लोखंडी पट्टी बसवावी लागली. भन्तेजी रोज खाटेजवळ येऊन बसत. त्यांच्या तुटक्या हिंदीतून मला कळलं ते असं. फार जुन्या काळी इकडच्या किनाऱ्यावरून कापड आणि मणी भरून जहाजं तिकडे जायची. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापारी कित्येक महिने तिथंच राहायचे, तिथल्याच बायका करायचे. त्याच जहाजात भिक्खू असत, आणि शंकर-विष्णूला मानणारेही. त्या बायकांनी बुद्ध आणि नवऱ्याचा देव एकाच कोनाड्यात ठेवले. अजून त्यांच्याकडे हंसावर बसलेली सरस्वती बुद्धवचन सांभाळते.

"मंग त्या बायकाईले कोनी मारलं नाही?" सासूनं विचारलं.

मारामाऱ्या झाल्या, भन्तेजी म्हणाले. पुढे राजे लढले, विहारही जळले.

नवरा दाराशी उभा होता. आत न येता म्हणाला, "तुमच्याकडं ते देव जहाजानं पोचले, भन्तेजी. आमच्याकडं काठीनं."



खर्च सासूच्या भावानं, कुहीच्या मामांनी भरला. धान विकून आणलेले पैसे होते. सासू दवाखान्यातून सरळ त्यांच्या घरी गेली. जाताना मला म्हणाली, "ज्यानं मोडला त्यानंच फेडावं. शेवटचा रुपया फिटन तेव्हा येईन. नाही त माही माती तिकडंच."

पहिल्या महिन्याला नवरा पैसे घेऊन कुहीला गेला, मी सोबत होते. मामांनी त्याला ओट्यावरच चपलेनं मारलं. गाव पाहत होतं. ओठ फाटला, पण त्यानं हात वर केला नाही. नोटा खाली पडल्या होत्या, त्या त्यानं वेचून मामांपुढे ठेवल्या. पुढच्या वेळी मामांच्या मोठ्या मुलानं त्याला बैलबंडीच्या चाकावर लोटलं. सासू आतून पाहायची, बाहेर यायची नाही. घरी आला की तो भिंतीवर मूठ आपटायचा. मला मात्र पुन्हा हात लावला नाही.

असे धानाचे दोन हंगाम गेले. पुढच्या उन्हाळ्यात शेवटचे पैसे घेऊन आम्ही गेलो तेव्हा सासू आपल्या लुगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, मोडलेला हात त्यावर ठेवून. नवऱ्यानं पैसे तिच्यासमोर ठेवले. तिनं चांगल्या हातानं ते उचलून भावाला दिले. मामांनी मोजून कनवटीला खोचले.

"फिटले," मामा म्हणाले. "सारे फिटले."