प्लॉट सगळे गेले म्हणे

"लिव," अण्णा म्हणाले. मी लिहिलं.

अट क्रमांक सात. सदर प्लॉट पुढे कुणाला विकायचा झाल्यास वसाहतीच्या समितीची लेखी संमती घ्यावी. संमती फक्त शाकाहारी, संस्कारी आणि आपल्यात बसणाऱ्या कुटुंबांनाच मिळेल.

अण्णा मराठीत सांगत होते आणि माझी बोटं कन्नडात टाइप करत होती. 'आपल्यात बसणाऱ्या' याला कन्नडात काय घालावं म्हणून मी जरा थांबले. ते बघून अण्णा हसले.

"तुला म्हणून न्हाय हं गं. तू तर घरचीच हाईस." मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या विद्याकडं बघून म्हणाले, "पण उद्या कोणबी येऊन शेजारी बसाय नको. व्हय का न्हाय?"

"व्हय अण्णा," विद्या म्हणाली. तिच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता. प्लॉट तिचा होता. दस्त तिचा होता. मी फक्त लिहीत होते.

मी निपाणीत बाँड रायटर आहे. नोंदणी कचेरीसमोरच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर टाकून बसते आणि लोकांचे खरेदीचे दस्त लिहून देते. एकोणीस वर्षं झाली. इथले दस्त कन्नडात होतात आणि इथली निम्मी मोठी घरं कन्नड वाचत नाहीत. मराठीचा अभिमान. मला अभिमान परवडला नाही. मी चिकोडीच्या सरकारी वसतिगृहात वाढले, तिथून जवळची शाळा कन्नड होती, म्हणून कन्नड शिकले. आता तीच माणसं माझ्यापुढं कागद सरकवतात आणि म्हणतात, बघ गं जरा, काय लिवलंय.

आम्ही बौद्ध. गावात अजून जुनंच नाव चालतं. तोंडावर नाही, पाठ फिरल्यावर.

अण्णा म्हणजे गावातलं जुनं तंबाखूचं घर. त्यांच्या वखारीत माझ्या आईनं वीस वर्षं तंबाखू निवडला. धंदा बसला, वखार पडली, आणि त्या जागेवर अण्णांनी चौदा प्लॉट पाडले. नकाशा मंजूर करून घेताना प्रत्येक अर्ज मी लिहिला. लेआउटचा कागद माझ्या टेबलावर इतके दिवस पसरलेला असायचा की कुठला प्लॉट किती फुटांचा, हे मला पाढ्यासारखं पाठ झालं. त्यातला नऊ नंबर माझा होता. म्हणजे माझ्या मनात. पूर्वेला रस्ता, जमीन चढाची, पाणी थांबत नाही, विजेचा खांब समोरच्या बाजूला. मी त्यावर मनातल्या मनात ओटासुद्धा बांधला होता, आईला उन्हात बसायला.

एक दिवस धीर करून अण्णांना विचारलं. "अण्णा, मलाबी एक प्लॉट पाहिजे होता. नऊ नंबर."

"अगं, आधी सांगाय नको व्हय? सगळे गेले की."

मी म्हणाले, "बरं."

सगळे गेले. हे त्यांनी कुणाला सांगावं? त्या जागेचं प्रत्येक इसारपत्र, प्रत्येक खरेदीखत माझ्या हातून जात होतं. चौदातले पाच गेले होते, नऊ शिल्लक होते. ही गोष्ट साऱ्या निपाणीत दोनच माणसांना पक्की ठाऊक होती, अण्णांना आणि मला. मला फसवावं एवढीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. बाईला डोळे आहेत, ती स्वतः लिहिलेलं वाचते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि मी 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात विद्या नाचत आली. "आक्का, अण्णा मला प्लॉट द्याय तयार झालेत!"

विद्या माझ्याच गाळ्यात काम करते. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला चतुःसीमा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. उतारा उलटा धरायची. मी शिकवलं. पोरगी वाईट नाही. पण तिचं आडनाव ऐकलं की अण्णांची खुर्ची आपोआप पुढं सरकते. माझं ऐकलं की 'घरचीच हाईस' म्हणतात आणि दार लावतात.

मी जळाले. दुसरा शब्द नाही. रात्रंदिवस जळाले. ती चहाला गेली की तिच्या खुर्चीकडं बघूनसुद्धा मी जळायचे. तिनं प्लॉटवर उभं राहून काढलेला फोटो मोबाइलवर ठेवला होता, आणि मोबाइल वाजला की तो माझ्या डोळ्यांपुढं यायचा.

वर तिनं मलाच विचारलं. "आक्का, नऊ घेऊ का बारा घेऊ? बारा मोठा हाय."

बाराच्या खाली वखारीची जुनी विहीर आहे. मुरूम टाकून बुजवलेली. नकाशात ती कुठंच नाही. मला ती आईकडून कळली. आईला त्या विहिरीच्या काठावर जायची मनाई होती. कुणी पाणी वर काढून ओतेपर्यंत ती ठरलेल्या अंतरावर उभी राहायची. विहीर नेमकी कुठं होती हे तिच्याइतकं बरोबर कोण सांगणार?

दोन दिवस मी विद्याला काही बोलले नाही. मनात म्हटलं, घेऊ दे बारा. बांधू दे. भिंतीला तडे जाऊ देत, फरशी खचू दे, मग येऊ दे रडत माझ्याकडं. असं मी खरंच म्हटलं. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. 'आक्कानं सांगितलेलं चुकलं' असं उद्या कुणी म्हणू नये, एवढाच माझा माज.

मग सगळंच सांगितलं. प्लॉट बघायला दोनदा जायचं. एकदा कागद घेऊन, एकदा जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, चप्पल हातात घेऊन. नकाशात रस्ता तीस फुटांचा असतो, टेप धरली की चोवीस भरतो, म्हणून टेप आपली न्यायची. जागेवर कर्ज-गहाण काय आहे तो बोजाचा दाखला मागचा तीस वर्षांचा काढायचा, विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर भागवायचं नाही. विकणाऱ्याच्या घरातल्या बहिणींच्या सह्या बघायच्या. भाऊ सह्या करतात आणि दहा वर्षांनी बहीण कोर्टात उभी राहते, आणि बहिणीचं बरोबर असतं. नुसत्या बाँड पेपरवर गुंठा विकणाऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदी नव्हे. एवढं सगळं सांगून मी म्हणाले, "नऊ घे."

"तुम्ही लई चांगल्या हाईसा, आक्का," ती म्हणाली. मी चांगली नव्हते. माझा प्लॉट मी माझ्याच तोंडानं तिला दिला होता.

आणि त्या दिवशी तिचाच दस्त, आणि त्यात ही अट सात.

लिहिलं मी. ते लपवत नाही. एकोणीस वर्षांची सवय, कुणी सांगितलं की बोटं चालतात.

पण आमच्याकडं एक रीत आहे. दस्त कन्नडात, घेणारे-देणारे मराठी. म्हणून सह्या होण्याआधी बाँड रायटरनं अख्खा दस्त मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायचा, आणि सगळ्यांनी 'समजलं' म्हणायचं. मी वाचायला लागले. चतुःसीमा वाचली. अट एक, दोन, तीन. अण्णा मान हलवत होते. सहा झाली. सातवर आले आणि माझा आवाज थांबला.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

"हे मी वाचणार न्हाय."

"का गं?"

"हे माझ्यावर लिवलंय, अण्णा. ते माझ्याच तोंडानं ऐकायचंय व्हय तुम्हाला?"

मग अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, "टाइप तर तूच केलंस की."

खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच जास्त लागलं.

"व्हय. चूक झाली. आता खोडते." मी पडद्यावरची ती चार ओळींची अट निवडली आणि पुसली. त्यांच्यादेखत. मग म्हणाले, "आणि अण्णा, प्लॉट सगळे गेले म्हणाला होता. विद्याचा धरून आठ गेलेत. सहा हैत अजून. मोजून दाखवू?"

अण्णांनी कागद गोळा केले. रागावले नाहीत. रागावण्याइतकीही माझी पत नव्हती त्यांच्या लेखी. उठले आणि दोन गाळे सोडून दुसऱ्या बाँड रायटरकडं गेले. विद्या त्यांच्या मागं गेली, माझ्याकडं न बघता. अट सात तिथं अर्ध्या तासात लिहून झाली. वाचूनही दाखवली असेल. सगळ्यांनी 'समजलं' म्हटलं असेल.

त्यानंतर अण्णांचं काम तुटलं. त्यांच्या ओळखीची आणखी चार घरं तुटली. विद्या मात्र दुसऱ्या दिवशी कामावर आली, खाली मान घालून. महिन्याभरानं अण्णांचा निरोप तिनंच आणला. गावाबाहेर, आमच्या वस्तीच्या अंगाला, त्यांचा एक प्लॉट आहे. मला कमीत देतील.

"चांगला हाय, आक्का. तुमच्या लोकांत तुम्हाला बरंबी वाटंल."

"तुला कुठं बरं वाटतंय?"

ती म्हणाली, "नऊ नंबरवर."

"मलाबी तिथंच वाटलं असतं," मी म्हणाले. ती रडली. मी नाही रडले. मला तिची कणव आली नाही, खोटं कशाला सांगू.

माझ्या लोकांत राहायला मला कमीपणा नाही. तिथं माझं घर आहे, माझी माणसं आहेत. पण मी कुठं राहायचं हे अण्णा ठरवणार असतील, तर तो प्लॉट फुकट दिला तरी नको.

चिकोडी कोर्टातल्या एका वकीलबाईंकडं जाऊन मी लेखी मत घेतलं. मला अंदाज होताच. मिळकत एकदा पुरती विकली की ती पुढं कुणाला विकायची, हे जुन्या मालकाला असं बांधून घालता येत नाही. अट कागदावर राहते, कायदा तिला विचारत नाही. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ज्याला पैसे दिले त्यानं गुमान लिहून दिलं. मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात विद्याच्या मागून चार नंबर घेतलेले मास्तर गाळ्यात आले. त्यांच्याही दस्तात अट सात होती. बदली धारवाडला झाली, तिकडंच घर घेतात, इथला प्लॉट काढायचा आहे.

"तुमच्या बघण्यात कोण गिऱ्हाईक हाय काय, आक्का?"

"हाय. मी."

मास्तरांनी आवाज खाली आणला. "पण ती समिती..."

"प्लॉट तुमचा हाय का समितीचा?" मी वकीलबाईंचं मत त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. घाम पुसला. "भाव तेवढा बरोबर द्या," म्हणाले.

चार हा नऊ नव्हे. तोंड पश्चिमेला, दुपारचं ऊन सगळं घरात येणार. पावसात तिथं घोट्याएवढं पाणी थांबतं, मी चप्पल हातात घेऊन बघून आले. पाया तीन फूट वर उचलावा लागेल. समोर नऊ आहे. रोज सकाळी दार उघडलं की विद्याचं घर दिसणार, आणि मी जळणार. जळेन. ते काही जात नाही, आणि मला घालवायचंही नाही. घर तिच्यापेक्षा एक मजला वर नेणार आहे, हेही आताच सांगून ठेवते.

बँकेनं कर्ज मंजूर केलं आहे. इसार परवा आहे. समितीकडं मी पाऊल टाकणार नाही. ते हरकती घेतील, हे मला ठाऊक आहे. नळाच्या जोडणीला घेतील, बांधकामाच्या परवान्याला घेतील, माझ्या स्वयंपाकाच्या वासालासुद्धा घेतील. प्रत्येक हरकत मी लेखी मागणार. प्रत्येकीला उत्तर कन्नडात देणार, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. आणि नगरपालिकेच्या खिडकीवरून पोच हातात पडल्याशिवाय हलणार नाही.