आईची वीत

मापं बदलून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी लिहितोय. फुटांचे मीटर, तोळ्यांचे ग्रॅम. शेजारी माझा स्वेटर विणत बसलेली आई म्हणाली, "वीत पण घाल की त्यात."

मी नऊ इंच लिहिले. मग गंमत म्हणून तिचा हात टेबलावर पसरून पट्टी लावली, तर साडेसातच भरले. संधिवाताने बोटं आता पुरती उघडत नाहीत. बाही मात्र ती अजून दोन वितीच विणते. म्हणूनच परवा घालून बघितलेली बाही मनगटाच्या बरीच अलीकडे थांबली होती.

"तूच वाढलास," तेव्हा ती ठामपणे म्हणाली होती. पन्नाशीत कोण वाढतं?

पट्टी खणात टाकली. सॉफ्टवेअरमधली वीत नऊच ठेवली.

"आई, मी खरंच वाढलोय गं," मी म्हटलं.