वयाची चौकट

समुद्रपूरच्या बसस्टँडमागे एका खोलीत संगणकाचा क्लास होता. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारावी होऊन मी घरी बसले होते, म्हणून गेले. सरांनी फॉर्म बनवायला शिकवलं. एक रिकामी चौकट ठेवायची, तिच्यात बरोबरचं चिन्ह देऊन हिशेब लिहायचा, आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा. मग वय आपोआप दिसतं. माझ्या चौकटीत मात्र कितीतरी वेळ प्रश्नचिन्हच येत राहिलं. डोकं असं सणकलं की कीबोर्ड आपटावासा वाटला.

सरावासाठी घरच्यांच्या नोंदी भरायच्या होत्या. मी धाकट्या भावाचीही भरली. तो आदल्या दिवाळीनंतर तापानं गेला होता, अकरा वर्षांचा असताना. पण घरातली माणसं लिहायची म्हटल्यावर त्याला कसं वगळणार? फॉर्मनं त्याचं वय बारा दाखवलं.

बाजार करून आई मला न्यायला आली आणि संगणकाच्या पडद्याजवळच उभी राहिली. आकडे तिला वाचता येत.

"काऊन वं, याले आताच बारा?" ती म्हणाली. "पोळा कुठं आला अजून?"

भाऊ तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. लाकडी नंदी घेऊन पोरं दारात आली होती तेव्हा तो जन्मला. शाळेत मास्तरांनी, आमच्याकडे निम्म्या पोरांची टाकतात तशी, एक जुलै ही जन्मतारीख टाकली होती आणि मी दाखल्यावरचीच भरली होती. घरी बाबांनी जुनं पंचांग पाहून खरी तारीख काढून दिली. दुसऱ्या दिवशी आई क्लासला सोबत आली आणि मी ती तारीख भरली. चौकटीत अकरा आले. आई हसली. मला ते हसू पाहवलं नाही.

सर म्हणाले, गेलेल्या माणसाचं वय वाढत नसतं. मृत्यूची तारीख भरली असेल तर तिथवरच मोजायचं, अशी अट टाक. अट जमली. आजोबांची तारीख भरली, त्यांचं वय थांबलं. भावाची भरू लागले तर आईनं हात धरला. "वाढू दे," म्हणाली. ती जागा कोरी राहिली.

पुढे मी घरीच एक जुना संगणक घेऊन लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागले. फ्लॉपीतून तो फॉर्मही आणला. दर तान्ह्या पोळ्याला आई शेजारी येऊन बसायची, "उघड" म्हणायची. वयाचा आकडा कुठे साठवलेला नसतो, फॉर्म उघडला की त्या क्षणी नव्यानं मोजला जातो. सोळा आले तेव्हा म्हणाली, "मिसरूड फुटलं असतं." अठराला म्हणाली, "बाबाचे कपडे त्याले होऊन राह्यले असते." मला या सगळ्याचा राग यायचा, पण मी उघडायचे.

मग एका पोळ्याला एकवीस आले.

"थांबव," ती म्हणाली.

"काऊन?"

"एवढ्या मोठ्याचं तोंडच दिसून नाई राह्यलं मले. कोणी दुसरंच पोर वाटते."

मी कोऱ्या जागेत तारीख भरली. चौकटीत अकरा आले.

आईनं त्या आकड्यावर हात ठेवला. "हा दिसते," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं रडली.