जर्मनीतल्या मुलाची आई, झाशीत

झाशीला जाण्याचं खरं कारण सांगते: मला माणसं बघायची होती. समुपदेशनाचं माझं काम गेली काही वर्षं सगळं पडद्यावर चालतं. दुबईचा इंजिनिअर, मेलबर्नची नवी आई, सगळे कोथरूडच्या माझ्या टेबलावर येऊन रडून जातात. मग लॅपटॉप मिटायचा, की घरात मी एकटी. त्यामुळे झाशीच्या एका कॉलेजानं ‘समुपदेशन व्यवसायाचं आंतरराष्ट्रीय भविष्य’ अशा भारदस्त विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मानधन न विचारताच हो म्हणून टाकलं.

पुण्याहून थेट गाडी आहे. संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी झाशी. स्वेटर घ्या, फेब्रुवारीतही सकाळी थंडी बोचते. ऑटोवाल्याशी भाव आधीच ठरवा. मी सदर बाजारातल्या साध्या हॉटेलात उतरले; खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीतून. संध्याकाळी मानिक चौकात गेले. तिथे स्कूटर, हातगाडी आणि आपण एकाच फटीतून जायचं असतं. कचोरी झकास होती, पण तसं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. फोटो काढला, कुणाला पाठवावा सुचेना, पुसून टाकला.

किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या बघा, शाळांच्या सहली यायच्या आत. मी तो उरकून व्याख्यानाला गेले. आपली पदवी सरहद्दीपाशी थांबते, प्रत्येक देशाचा परवाना वेगळा, बोलणं मात्र इंटरनेटवरून बिनदिक्कत पलीकडे जातं, मग कायदा कुठला लावायचा, वगैरे सांगितलं. मुलांना झाशीत बसून डॉलर मिळतील का एवढंच हवं होतं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “मैडम, वहाँ क्लाइंट रो पड़े, तो पानी कौन देगा?”

पाण्याचा पेला आधीच जवळ ठेवायला सांगतो, असं मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर लंगडं होतं.

जेवायला तिथल्या प्राध्यापकांनी मला नगरा नावाच्या भागात, त्यांच्या ओळखीच्या मराठी इंदुमावशींकडे सोडलं. (नाव बदललंय, बाकी लिहायला त्यांचीच परवानगी आहे.) यजमान रेल्वेत होते, नोकरीत असतानाच गेले. मुलगा जर्मनीत. मराठी पाहुणी येणार म्हणून मावशींनी भरली वांगी केली होती, आणि मी पहिला घास घेते न घेते तोच त्यांनी विचारलं, “मॅडमजी, माझा पोरगा तुमच्याकडेच येतो का? तो तिकडून इंडियातल्या कुणाला तरी पैसे देऊन मनातलं सांगतो. मला फक्त हवा-पाण्याचं सांगतो.”

तो माझ्याकडे येत नव्हता. पण आमच्या धंद्यात कोण येतं हे सांगायचं नाही, आणि कोण येत नाही हेही नाही. एकदा नाही म्हटलं, की पुढच्या वेळचं गप्प बसणं म्हणजे हो ठरतं. तसं मी समजावलं. मावशी म्हणाल्या, “समजलं.” त्यांना काय समजलं ते त्यांच्या उजळलेल्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्या बोलत सुटल्या. वडिलांच्या जागी मुलगा रेल्वेत लागला असता, इथेच राहिला असता. मावशींनीच हट्टानं नको म्हटलं, बाहेर पाठवला. आता घरात आवाज हवा म्हणून दिवसभर टीव्ही लावतात. मुलगा मॅडमपाशी आपल्याबद्दलच कुरकुर करत असणार, हे त्यांना खात चाललं होतं. उन्हं कलेपर्यंत मी ऐकत होते. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला, त्यांचा दिला.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. एका आईला मी खोट्या आशेवर ठेवून आले होते. मुलाचं मन जिच्याकडे आहे ती बाई आपल्या घरी जेवून गेली, असं तिला वाटत होतं. नियम पाळला होता, तरी फसवल्यासारखं झालं होतं.

पुण्यात आठवडाभर कामात मन लागेना. शेवटी फोन केला आणि म्हटलं, “मावशी, नियम मोडून सांगते. तुमचा मुलगा माझ्याकडे येत नाही.”

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “त्याची मॅडम दिल्लीची. फोनवर विचारलं तर लगेच सांगितलं त्यानं. त्याच रात्री.”

मग मला का नाही कळवलं, असं मी विचारलं.

“कशाला? तू माझं ऐकलंस, ते तर खरं होतं ना. इथे शेजारी सांगितलं तर पोरगा पागल झाला म्हणतील. तो येतो की नाही एवढंसुद्धा तू सांगेनास. वाटलं, ही माझंही कुणाला सांगणार नाही.”

बोलता बोलता त्या मला तू म्हणू लागल्या होत्या. मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आता तुझं सांग. घरी कोण आहे तुझ्या?”

कुणी नाही, मी म्हटलं. बरं चाललंय, असंही म्हटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. फोन चालू होता. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी राखलेली ती शांतता आज माझ्या वाट्याला आली होती, आणि ती मोडायची पाळी माझी होती. मी सांगायला लागले.