आहाराच्या दिवशी आप्पांचा हात

उंदराच्या मेंदूतून एक प्रथिन बाहेर ओढायचं आणि त्याला आणखी कोणकोणती प्रथिनं चिकटून आली, ते मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रावर वजनावरून ओळखायचं, हे माझं बेळगावातलं काम. पाहुण्यांना मी ‘मशीनवर असते’ एवढंच सांगते. पुढचं ऐकलं की जैनांच्या घरात चहा गार होतो. आप्पांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांना कंपवात होता, आणि मी ज्याच्या मागे होते ते प्रथिन त्याच आजारातलं. आप्पा असेपर्यंत काहीतरी हाती लागेल, अशी माझी वेडी आशा होती.

आमच्या गावी, सदलग्याला, मुनिमहाराज आले तेव्हा आप्पांनी हट्टच धरला, एकदा तरी स्वतःच्या हातानं आहार द्यायचा. आई गेल्यापासून आमच्याकडून महाराजांना आहार दिला गेला नव्हता. शेजारच्या आक्कांनी सोवळ्यात स्वयंपाक केला. महाराज उभ्यानं, ओंजळीत जेवतात. घास त्या ओंजळीत नीट ठेवावा लागतो. आप्पांच्या हातात तर पाण्याचा तांब्याही ठरत नव्हता. कलश घेऊन दारात उभं राहताना ते मला म्हणाले, “तू माझं मनगट धर गं. तुझ्या आधारानं देतो.”

आहार देणाऱ्यानं, त्याचा हात धरणाऱ्यानंही, आपलं मन, वचन, काया शुद्ध असल्याचं महाराजांसमोर मोठ्यानं म्हणायचं असतं. मला कुणी अडवलं नसतं. पण ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

“न्हाय धरत आप्पा. परवाच उंदरं मारल्यात मी.”

आक्का लगेच पुढं होऊन आप्पांना म्हणाल्या, “मी हाय की, अण्णा.”

आप्पा हलले नाहीत. कलशातलं पाणी हिंदकळून धोतरावर सांडत होतं. मग त्यांनी कलश आत नेऊन ठेवला आणि माझ्याशेजारी कट्ट्यावर येऊन बसले.

“माझ्या दुखण्यापायीच मारतीस न्हवं?”

“व्हय.”

“मग मी तरी कुठला शुद्ध? निम्मं माझ्या नावावर घाल.”

महाराज गल्लीतून आले. आप्पांनी उठून हात जोडले. आमच्या दारात कलश घेऊन कुणीच उभं नव्हतं, म्हणून महाराज पुढच्या घरी गेले.

मला आप्पांचा लई राग आला. एवढा मोठेपणा करायला यांना कुणी सांगितलं होतं? आक्कांचा हात धरून दिला असता आहार, तर माझं काय बिघडणार होतं? त्या दुपारी आक्कांनी रांधलेलं मी रागारागानंच आप्पांना भरवलं.

तशी संधी पुन्हा आली नाही. आप्पा गेले. त्या प्रथिनाला काय काय चिकटतं हे आता बरंचसं कळलंय, औषध अजून लांब आहे. कुणासाठी करतेस, असं कुणी विचारलं तर आजारी माणसांसाठी, असं मी सांगते. ते खोटं नाही. पण उंदीर अजून मारावे लागतात, आणि निम्मं स्वतःच्या नावावर घेणारं घरात आता कुणी नाही.