कोऱ्या पानाखालची सही

एप्रिल १९७४. शुक्रवार, सकाळचे अकरा. सांगलीला संस्थेच्या कचेरीत ठराव बुकाची नक्कल करायची होती.

बुक चिटणीसांनी माझ्या हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकले. मग मी उचललं. शाईची दौत तशीच. कोरे कागदही तसेच.

"इथंच बस व्हरांड्यात. आत मंडळी यायची आहेत," ते म्हणाले. वर हसून म्हणाले, "अक्षर मात्र तुझं सुरेख आहे हो. तुमच्यात असं अक्षर मी पाहिलं नाही."

फरशी तापली होती. पोतं अंथरलं आणि बसले. असलं काही नवीन नव्हतं. चार वर्षं मी या संस्थेची बालवाडी आमच्या वस्तीवर चालवत होते आणि चार वर्षांत त्या खोलीचा उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. राग यायचा. गिळायचे. वय चाळीसच्या पुढं गेलं होतं, मालक पलटणीतून परतले नव्हते, पदरात दोन मुली होत्या. मालक सरहद्दीवर असताना त्यांना पत्रं लिहून लिहून अक्षराला वळण आलं होतं. तेच अक्षर आता संस्थेच्या कामाला आलं.

नक्कल हवी होती पुण्याच्या एका बाईंना. त्या संशोधन करत होत्या. बुधवारी बालवाडीत आल्या, मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं काय बघायला आलाय?"

त्या म्हणाल्या, "संस्था नीट चालली की गाव बदलतं का, ते बघतेय. बैठका वेळेवर होतात का, कागद जागेवर असतात का, निर्णय सगळे मिळून घेतात का. आणि मग त्यामुळं गावात काय फरक पडला."

त्यांच्या फॉर्मचे दोन भाग होते. पहिला संस्थेचा, दुसरा गावाचा. पहिला भाग ठराव बुकावरून भरायचा होता. त्यांचा अहवाल चांगला आला तर दुष्काळी पट्ट्यातली आणखी गावं या संस्थेकडं सोपवणार होते. हे चिटणीसांनी मला आठवड्यात तीनदा ऐकवलं होतं.

आणि संस्था खरोखर नीट चालत होती. हे मला लिहिलंच पाहिजे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभा म्हणजे सभा. दुधाची पावडर वेळेवर यायची. कपाटातली प्रत्येक फाईल दोरीनं बांधलेली. पैसा कुणी खात नव्हतं.

मी नक्कल करत गेले. पान, पान, पान. बहात्तर सालच्या दुष्काळातल्या सभा आल्या. आमच्या गावचं नाव आलं. मग हे आलं:

'नियोजित विहीर वस्तीवर न घेता, सर्वांच्या सोयीच्या दृष्टीने, ग्रामसमितीच्या प्रमुखांच्या मळ्यात घ्यावी. वस्तीतील लोकांची यास संमती आहे.'

खाली सूचकाचं नाव. त्याखाली अनुमोदक. अनुमोदक म्हणून माझं नाव. पुढं लिहिलं होतं, 'वस्ती प्रतिनिधी'. ठराव सर्वानुमते मंजूर.

पानाच्या तळाला सह्या. त्यातली सहावी माझी. माझीच. ते वळण मला ओळखू येणार नाही होय?

टाक हातात तसाच राहिला. शाईचा थेंब नकलेवर पडला.

ती विहीर आमच्या वस्तीची होती. तासगावच्या पूर्वेचं आमचं गाव. गावातली माणसं आमच्या वस्तीला अजून महारवाडा म्हणायची, आम्ही बौद्धवाडा म्हणायचो. दुष्काळात संस्थेनं विहीर मंजूर केली, जागा आखली, चुन्याचा गोल काढला. महिन्याभरात सांगावा आला की सरकारी माणसानं तपासलंय, वस्तीखाली कातळ आहे, पाणी लागायचं नाही. विहीर तात्यांच्या मळ्यात होईल, पाणी मात्र सगळ्यांना. तात्या म्हणजे तेच, ग्रामसमितीचे प्रमुख. आम्ही विश्वास ठेवला. आमच्याच बायकामाणसांनी ती विहीर खणली. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन खणली. पाणी लागलं. तात्यांनी त्यावर इंजिन बसवलं आणि द्राक्षबाग लावली. बाग भिजली की पाईप जनावरांच्या हौदात सोडायचे. आमच्या बायका त्या हौदातनं घागरी भरायच्या. बैलांनी तोंड लावायच्या आधी पोचलं तर नशीब.

ठरावात कातळाचा उल्लेख नव्हता. एक अक्षर नव्हतं.

मग मला आठवलं. सभेच्या दिवशी सगळ्या बालवाडीच्या बायांनी कचेरीत हजर राहायचं, असा नियम होता. बाकीच्या आत बसायच्या, भिंतीकडेला. मी व्हरांड्यात. सभा सुरू व्हायच्या आधी बुक उंबऱ्यावर यायचं. "कर सही." पान वरनं कोरं असायचं, सह्या तळाला. मी विचारलं नाही. हजेरी असेल, असं वाटलं. सह्या आधी घ्यायच्या आणि मजकूर मागाहून निवांत लिहायचा, ही त्यांची रीत. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सगळे भले लोक. सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास.

चिटणीस बाहेर आले तेव्हा मी पान उघडून ठेवलं. "साहेब, हे काय?"

त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. "सही तुझीच ना?"

"व्हय. पण वर हे नव्हतं."

"अगं, मजकूर नंतरच लिहितात. माझी सही तरी कुठं वाचून केलीय मी? नियमात एक प्रतिनिधी तुमच्यातला लागतो. दुसरं कुणाचं नाव घालायचं? तुझा मानच केला."

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"न्हाई म्हणले असते."

"बघ," ते म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात. "म्हणजे कामच अडलं असतं. जागेवरनं भांडणं, मग विहीरच नाही. उद्या त्या पुण्याच्या बाई सभेला बसणार आहेत. त्या विचारतील, वस्तीची प्रतिनिधी कोण. तू आत यायचं. खुर्चीवर बसायचं, माझ्या शेजारी. सगळं विचारून झालं, एवढंच म्हणायचं. कळलं?"

चार वर्षांत पहिल्यांदा खुर्ची. खोटं बोलण्यापुरती.

तिथं मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. संस्था बिघडली म्हणून आमची विहीर गेली नाही. संस्था सुरळीत चालत होती, म्हणूनच विहीर इतक्या सुरळीत तात्यांच्या मळ्यात गेली. गणपूर्ती होती. सूचक होता. अनुमोदक होती. बाईंच्या फॉर्मात त्या सगळ्याला बरोबरची खूण मिळणार होती.

मी नक्कल पुरी केली. ठराव जसाच्या तसा उतरवला. एसटी पकडून पाचला गावात आले.

बायका हौदावर होत्या. तिथंच सांगितलं. लपवून काय करायचं? शेवंतामावशी आमच्यात वयानं मोठी, विहीर खणताना तिचा धाकटा लेक दगडाखाली लंगडा झालेला. तिनं घागर खाली ठेवली.

"म्हंजे आमचं पानी तूच पळवलंस की गं!"

"मला ठावं नव्हतं, मावशी."

"सही करताना वर काय लिवलंय ते बघायचं न्हाई व्हय? आमी अंगठं लावतो, आमचं सोड. तू शिकल्याली ना? आमच्या पोरास्नी ग म भ न शिकवतीस, आन सोता कोऱ्या कागदावर सह्या करतीस?"

दुसरी एक हसली. "अवं, बाईसायेब मेंबर हायेत! मेंबराला पानी लागत न्हाई."

कुणी थांबवलं नाही तिला. मीही नाही. चिटणीसांनी बुक उंबऱ्यावर ठेवलं त्याचा मला राग आला होता. हे ऐकून शरम वाटली. दोन्हीत फरक आहे. राग गिळता येतो.

"आता काय करतीस?" मावशीनं विचारलं.

"उद्या सभेत सांगते."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"मग मी बी येती. तुझ्या एकटीच्या शब्दाला कोण इचारतंय? खणताना हुतो आमी. आमास्नी ठावं हाय कातळ किती लागला ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी सांगलीला गेलो. मी मावशीला व्हरांड्यात बसवलं नाही. दोघी आत गेलो. कुणी काही बोललं नाही, कारण पुण्याच्या बाई समोर होत्या. तात्या होते, पांढऱ्या टोपीत. त्यांनी मावशीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

सभेआधी नेहमीसारखं बुक फिरलं. वरनं पान कोरं. माझ्यापाशी आलं. मी टाक घेतला आणि कोऱ्या जागेवर, वरच्या कोपऱ्यातनं खालच्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरपी रेघ ओढली. दुसरी उलटी ओढली. खाली लिहिलं: 'वर मजकूर नाही. विहिरीच्या ठरावाला मी अनुमोदन दिलेले नाही. आजवर मला सभेत बोलावलेले नाही.' मग सही केली आणि बुक उचलून बाईंच्या हातात दिलं.

चिटणीस उठले. "बाई, तिची तब्येत बरी नाही. कालपासून..."

"ए बाय, याड लागलं का तुला?" तात्या ओरडले. "पानी देतो की तुमास्नी!"

"बैलाच्या हौदातलं, तात्या," शेवंतामावशी म्हणाली. "आन कातळ कुटं लागला ते सांगा की. तुमच्याच मळ्यात लागला. आमीच सुरुंगाला भोकं पाडली. वस्तीवर पहार बी मारली न्हाई कुनी."

बाईंनी पान वाचलं. मागची पानं चाळली. दुष्काळातल्या त्या ठरावावर थांबल्या. मग चिटणीसांना विचारलं, "प्रत्येक सभेला सह्या आधी घेता?"

"पद्धतच आहे तशी," चिटणीस म्हणाले. "सगळ्या संस्थांत असते."

बाईंनी फॉर्म बाहेर काढला. पहिल्या भागावरच्या खुणा पेन्सिलीनं केलेल्या होत्या. त्यातली एक, 'निर्णय सगळे मिळून घेतात' यापुढची, त्यांनी खोडली. फक्त एक. बाकीच्या तशाच ठेवल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"हे सगळं मला तुमच्याकडून लिहून घ्यावं लागेल. तुमच्या नावानिशी. त्याचं पुढं काय होईल, मी सांगू शकत नाही. तुमच्या नोकरीचंही नाही."

चिटणीस म्हणाले, "बालवाडीची किल्ली ठेव."

मी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"लिहा," मी बाईंना म्हणाले. "माझं नाव या लोकांनी मला न विचारता घातलं होतं. तुम्ही विचारून घालताय. घाला."

त्यांनी पेन उघडलं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मध्ये मावशी सांगत होती. अर्धा तास लागला असेल. सभा तोवर थांबली, की उठली, मी बघितलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि तळाला बोट ठेवलं.

मी म्हणाले, "थांबा."

पहिल्या ओळीपासून वाचलं, मोठ्यानं, मावशीला ऐकू जाईल असं. एके ठिकाणी त्यांनी 'गैरसमज' लिहिलं होतं. मी तो शब्द खोडायला लावला. "गैरसमज नव्हता. फसवणूक लिहा." त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं. शेवटच्या ओळीखाली कोरी जागा उरली होती, तिथं मी आडवी रेघ मारली.

मग सही केली.